काशुएरा : तिसऱ्या प्रतीच्या तंबाखूचं गाव

संयोजकांनी मला आधीच बजावलंय की प्रवासवर्णन नको, इतिहास सांगा. पण मी इतिहासाचा माणूस नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि या विषयाकडे मी आलो तो प्रवासातूनच. तेव्हा थोडं प्रवासवर्णन आपल्याला सोसावं लागेल.

माझा भाचा ब्राझीलमध्ये साओ पाउलोला नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. त्याने विचारलं, "मामा, काय बघायचंय? रिओ? इग्वासूचा धबधबा?" मी म्हटलं, मला तंबाखूचा मुलूख दाखव. त्याला वाटलं, मामांचं वय झालं. पण मी निपाणीकडचा. आमच्याकडे जमिनीची ओळख ती कुठली तंबाखू देते यावरून होते. आणि ही तंबाखू मुळात पोर्तुगीजांनी त्या बाजूने आपल्याकडे आणली, हे लहानपणापासून ऐकलेलं. तेव्हा म्हटलं, माहेर तरी बघून येऊ.

म्हणून आम्ही ईशान्येला बाहिया प्रांतात गेलो. साल्वादोर ही ब्राझीलची जुनी राजधानी. तिथून सव्वाशेएक किलोमीटर आत, पारागुआसू नदीच्या काठावर काशुएरा नावाचं गाव आहे. काशुएरा म्हणजे धबधबा. गावाच्या थोडं वर नदीत खडक लागतात, तिथून पुढे होडी जात नाही. समुद्राची भरती मात्र आत इथपर्यंत येते. या एका गोष्टीत गावाचा निम्मा इतिहास आला. आतल्या कोरड्या प्रदेशातून खेचरांच्या पाठीवरून माल इथे उतरायचा आणि इथून शिडाच्या होड्यांनी साल्वादोरला जायचा. १६९८ साली पोर्तुगीजांनी याला नगराचा दर्जा दिला. नगरसभेची इमारत अजून उभी आहे. वर सभागृह, खाली तुरुंग. निर्णय घेणारे वर आणि भोगणारे खाली, इतकी स्पष्ट वास्तुरचना मी दुसरीकडे पाहिली नाही.

दुपारी पोचलो. रस्ते दगडी, घरांना पिवळे-निळे रंग, काही वाड्यांची नुसती दर्शनी भिंत उभी आणि मागे झाडं वाढलेली. फणसाचं झाड दिसलं तेव्हा आमच्या मंडळींना कोण आनंद! फणस तिकडचा नव्हे. तो पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावरून नेला. तिकडे त्याला 'जाका' म्हणतात, तो शब्द मलयाळमच्या 'चक्का'वरून गेला. उलट आपला काजू, अननस, पपई हे सगळे तिकडचे. आणि ज्याचा साबुदाणा करून आपण एकादशीला खातो तो कसावासुद्धा तिकडचाच. भाचा म्हणाला, "मामा, या गावात झोपच येते." खरं होतं. नदी शांत, धक्का रिकामा, कुत्री सावलीत पडलेली. १९७१ पासून सगळं गाव राष्ट्रीय स्मारक आहे. पाहुणा म्हणतो, किती निवांत! मीही म्हणालो.

आता तंबाखूकडे येतो. बाहियाच्या उपसागराभोवतीच्या या पट्ट्याला रेकोंकावो म्हणतात. त्यातली काळी चिकट जमीन उसाला गेली. काशुएराच्या आसपासची हलकी, वाळूसर जमीन उसाच्या कामाची नव्हती, ती तंबाखूला मिळाली. निपाणीकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हलक्या जमिनीला खत लागतं, म्हणून गुरं हवीत. शेतात कुंपण घालून त्यात गुरं बसवायची, मग कुंपण पुढे सरकवायचं. आपल्याकडे मेंढरं बसवतात तसंच. आंतोनिल या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इटालियन जेझुइटाने १७११ मध्ये ब्राझीलच्या संपत्तीवर पुस्तक छापलं. त्यात हे सगळं तपशिलात आहे. वाफ्यात रोपं करायची, लावायची, शेंडा खुडायचा, बगलेचे फुटवे काढायचे, पानं टांगून सुकवायची. वाचताना मला वाटलं, हा गृहस्थ आमच्या शेजारच्या शेतातच बसून लिहितोय. पोर्तुगालच्या राजाने ते पुस्तक लगेच जप्त केलं. आपली दौलत कुठे आहे हे शत्रूला कळेल अशी भीती.

फरक पुढे आहे. तिथे पानं पिळून त्यांचा दोर करायचे, दोर दांड्यावर गुंडाळायचे, वरून काकवी चोपडायचे आणि ती गुंडाळी कातड्यात शिवायचे. लिस्बनला जाणारी गुंडाळी आठ आरोबांची, म्हणजे सव्वाशे किलोच्या जरा आत. १६७४ पासून लिस्बनमध्ये तंबाखूच्या कारभारासाठी खास मंडळच होतं, कारण विक्रीचा मक्ता राजाचा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रतीचा माल लिस्बनला गेलाच पाहिजे असा नियम होता. उरायची ती तिसरी प्रत. तुटकी पानं, खुडलेली, लिस्बनने नाकारलेली. हिचं काय करायचं?

ती पश्चिम आफ्रिकेला पाठवायला परवानगी होती. ज्याला ते मिना किनारा म्हणत, म्हणजे आजच्या घाना-टोगो-बेनिनचा किनारा, तिथे. तुटकी पानं एकत्र धरून ठेवायची म्हणून तिला काकवी जास्त लावावी लागे. त्यामुळे ती ओलसर, गोड, वासाला घमघमीत व्हायची, आणि नेमकी तीच तिथे आवडली. इतकी, की उइदाच्या बाजारात बाहियाच्या या हलक्या तंबाखूशिवाय सौदा अवघड. इतर युरोपीय व्यापारी ही चव आपल्या मालात आणू शकले नाहीत. एल्मिनाचा किल्ला हातात असलेले डच पोर्तुगिजांचे हाडवैरी, पण त्यांनीही बाहियाच्या जहाजांना त्या किनाऱ्यावर व्यापार करू दिला. अट एकच, तंबाखूचा दहावा हिस्सा आमचा. पिएर वेर्जे या फ्रेंच छायाचित्रकार-अभ्यासकाने बाहिया आणि बेनिनच्या या येण्याजाण्यावर १९६८ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याने उत्तरायुष्य मुख्यतः साल्वादोरमध्येच काढलं.

सौदा कशाचा, हे मी अजून बोललो नाही. माणसांचा. त्या टाकाऊ तंबाखूने माणसं विकत घेतली जात. गुलामांच्या व्यापाराचे आकडे आता बरेच नीट मोजले गेलेत. आफ्रिकेतून ब्राझीलमध्ये उतरवलेली माणसं सुमारे अठ्ठेचाळीस लाख, त्यातली पंधरा लाखांहून जास्त एकट्या बाहियात. सगळी तंबाखूने घेतली असं नाही, कापड होतं, दारू होती, आणि अंगोलाचा व्यापार वेगळाच होता. पण मिना किनाऱ्याचं चलन मुख्यतः हेच. आणि घेतलेली ती माणसं परत याच रेकोंकावोत उसाला आणि तंबाखूला जुंपली जात. म्हणजे बघा, माणूस तंबाखू पिकवतो, त्या तंबाखूने दुसरा माणूस विकत येतो, तो येऊन तंबाखू पिकवतो. चाक पूर्ण फिरतं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फिरत राहतं. १८५० मध्ये व्यापार बंद, १३ मे १८८८ ला गुलामगिरी बंद.

मी तीसेक वर्षं वर्गात कांट शिकवला. किंमत आणि प्रतिष्ठा यांतला त्याचा भेद आपल्यापैकी काहींनी माझ्याकडूनच ऐकला असेल. ज्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते, माणसाच्या जागी काही ठेवता येत नाही. सुंदर विचार आहे, मी अजूनही तो मानतो. हा कांट रोज सकाळी चहाबरोबर तंबाखूचा एक पाइप ओढत असे. हे मी वर्गात गंमत म्हणून सांगायचो, पोरं हसायची. काशुएराच्या धक्क्यावर बसल्यावर मला ती गंमत सांगवेना. त्याच्या पाइपात कुठली तंबाखू होती हा मुद्दा नाही. त्याच दशकांत समोरच्या पाण्यातून जाणाऱ्या होड्यांवर माणसाच्या जागी नेमकं काय ठेवता येतं याचा हिशेब कातड्यात शिवलेला होता, आणि मी उदाहरणं देताना खोटं वचन देणाऱ्या कुणा अनामिकाच्या पुढे कधी गेलो नाही.

आणि दूर जायची गरजही नव्हती. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. तोंडाला फडकं बांधून बायका दिवसभर तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. खोकत घरी जायच्या. आई अण्णांचे कपडे वेगळे धुवायची, आम्हाला वखारीकडे फिरकू द्यायची नाही. माझी शाळेची फी, कॉलेजची खोली, कांटची पहिली प्रत, सगळं त्या वखारीतून आलं. त्या बायकांना गुलाम म्हणणं चूक होईल. त्यांनी संघटना केली, झगडल्या, १९८२ मध्ये 'युगांतर' या गटाने त्यांच्यावर माहितीपटही केला. त्याच्या आदल्याच वर्षी, ६ एप्रिल १९८१ ला, तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर निपाणीत गोळीबार झाला होता, बारा माणसं गेली. मी तेव्हा नीतिशास्त्राचा तरुण प्राध्यापक. त्या आठवड्यात वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही, हे शिकवलं नाही एवढं नक्की.

असो. गोव्याचा धागा सांगायचा राहतोय. बाहियाची तंबाखू लिस्बनमार्गे गोव्यालाही येत होती. गोव्यात तिच्या विक्रीचा मक्ता सरकारी, तो लिलावाने दिला जाई, घेणारे पुष्कळदा तिथले हिंदू व्यापारीच असत, आणि त्या मक्त्याचं उत्पन्न हा तिथल्या तिजोरीचा मोठा आधार होता. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं वाटेत साल्वादोरला थांबायची, भारतीय कापड उतरवायची, आणि त्यातलं काही पुढे आफ्रिकेच्या सौद्यात जायचं. फिलोमेना सिक्वेरा अँटनी यांचं गोवा-बाहिया संबंधांवरचं पुस्तक २००४ मध्ये आलंय, ते जरूर पाहा. आपण समजतो, हा सगळा प्रकार त्या गोऱ्यांचा आणि आफ्रिकेचा. आपलं कापड आणि आपली तपकीरही त्याच वहीत होती.

काशुएरात हे डोळ्यांनी दिसतं. कार्मेल पंथाच्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या मूर्ती आहेत, त्यांचे डोळे चिनी वळणाचे. त्या मकावहून आल्या असं सांगतात. गावाबाहेर बेलें इथे जेझुइटांनी १६८६ मध्ये विद्यालय काढलं. तिथल्या छतावरची फुलं चीनमध्ये राहून आलेल्या शार्ल बेलव्हिल नावाच्या जेझुइटाने रंगवली असं मानतात. लिस्बनमध्ये १७०९ ला राजासमोर गरम हवेचा फुगा उडवणारा बार्तोलोमेउ द गुस्माँव याच शाळेचा विद्यार्थी. आमचा भाचा इथे जरा जागा झाला.

गावाचा पुढचा इतिहास झटकन सांगतो. १८१९ मध्ये साल्वादोरहून इथे आगबोट आली, ब्राझीलमधली पहिली. २५ जून १८२२ ला इथल्या नगरसभेने राजपुत्र पेद्रोच्या बाजूने घोषणा केली, नदीतल्या पोर्तुगीज तोफेच्या बोटीने गावावर मारा केला, लोकांनी ती बोटच पकडली. त्याची आठवण म्हणून २००७ पासून दर वर्षी त्या दिवशी बाहियाची राजधानी नावापुरती इथे हलवतात. समोरच्या काठावर साओ फेलिक्स. १८७३ मध्ये गेरहार्ड डानेमान या जर्मनाने तिथे सिगारचा कारखाना काढला आणि पुढे तो गावाचा पहिला नगरप्रमुख झाला. मधला लोखंडी पूल १८८५ चा, त्यावरून आगगाडी आणि मोटारी दोन्ही जातात. फळ्या अशा खडखडतात की चालताना देव आठवतो. मग रेल्वे, मग महामार्ग, माल नदीवरून गेला, जग सिगारेटकडे वळलं. गाव शांत झालं ते असं. लेइते आल्वेस या जुन्या सिगार कारखान्याच्या जागेत आता विद्यापीठाचा कला आणि मानव्यविद्यांचा विभाग भरतो. तिथे दारात उभा राहून मी बराच वेळ पोरांकडे बघत होतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बोआ मोर्ते भगिनीमंडळाच्या घरी गेलो. बोआ मोर्ते म्हणजे चांगलं मरण. आफ्रिकन वंशाच्या वयस्क बायकांचं हे मंडळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साल्वादोरमध्ये सुरू झालं आणि १८२० च्या सुमारास इथे आलं. मेरीची पूजा, आणि तिच्याच आड आफ्रिकेहून आलेले देव. वर्गणी काढून गुलामांची सुटका विकत घेणं हे त्यांचं एक काम होतं असं सांगतात. म्हणजे बाजार तोच, किंमतही मोजलेली, फक्त सौद्याची दिशा उलटी. ऑगस्टच्या मध्यावर त्यांची मिरवणूक असते, एक दिवस पूर्ण पांढऱ्या कपड्यांत, शेवटी काळ्या घागऱ्यावर लाल शाल. आम्ही गेलो तेव्हा उत्सव नव्हता. एक आजी खुर्चीत बसल्या होत्या. भाच्याने पोर्तुगीजमध्ये सांगितलं, हे भारतातून आलेत, यांच्याकडेही तंबाखू होते. त्यांनी विचारलं, तिकडे ती कोण वळतं?

मी म्हटलं, बायका. त्यांनी मान हलवली आणि आमच्या मंडळींना बसायला खुर्ची दिली.

वेळ झालीय. गोव्याच्या मक्त्याबद्दल कुणी विचारणार असेल तर आधी ते घेऊ.