चर्मप्रवाळ आणि त्याचा आधार

घरातील काचेच्या टाकीत सागरी जीव पाळण्याच्या छंदाचा इतिहास सहसा पाणी, प्रकाश आणि गाळणी यांतील सुधारणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु खडकाला चिकटून जगणारा जीव नव्या जागी कसा स्थिरावावा, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. 1846 मध्ये ॲना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावर मिळालेले कठीण सांगाड्याचे प्रवाळ लंडनला नेले, तेव्हा पाणी सर्व बाजूंनी खेळावे म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाचले होते. पुढे घरी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून त्यात हवा मिसळण्याचे काम मोलकरणीकडे आले, आणि ते प्रवाळ जगले याचे श्रेय तिच्या हातांनाही द्यायला हवे.

कातड्यासारख्या पृष्ठभागामुळे चर्मप्रवाळ म्हणवल्या जाणाऱ्या सार्कोफायटन, सिन्युलेरिया आणि लोबोफायटम या वंशांची गोष्ट वेगळी आहे. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या उष्ण, उथळ पाण्यातील या वसाहतींत आठ पिसारी संस्पर्शकांचे असंख्य पॉलिप, म्हणजे एकेक सूक्ष्म जीव, एकाच मांसल देहात नांदतात. त्यांना दगडी सांगाडा नसतो, केवळ चुन्याच्या बारीक कंटिका अंगभर विखुरलेल्या असतात आणि आत भरलेल्या पाण्याच्या दाबाने देह ताठ राहतो. वसाहत अधूनमधून पॉलिप मिटून घेते व मेणचट पापुद्रा टाकते, आणि जखम झाल्यास भरपूर बुळबुळीत स्राव सोडते.

असे जीव घरी टिकू लागले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये समुद्रातून आणलेले, जिवाणू व लहान जीवांनी भरलेले ‘जिवंत खडक’ आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची रीत मांडली. पीटर विल्केन्स यांचा उष्णकटिबंधीय अपृष्ठवंशी जीवांवरचा जर्मन ग्रंथ 1973 मध्ये आला. आणि 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी ही विद्या अमेरिकेतील सामान्य छांदिष्टांपर्यंत पोहोचवली.

जीव जगू लागल्यावर त्याचे तुकडे करून वाढवण्याची इच्छा होणे स्वाभाविक होते. धारदार ब्लेडने देठ आडवा कापताना कंटिका पात्याखाली करकरतात, वसाहत आकसते, आणि कापलेला भाग स्रावाने इतका निसरडा होतो की तेथे गोंद धरत नाही. 1958 मध्ये बाजारात आलेला सायनोॲक्रिलेट, अर्थात सुपरग्लू, कठीण प्रवाळाच्या फांदीला दगडाशी घट्ट जोडतो. मऊ देठाला मात्र तो काही तासांतच सोडून देतो, कारण तो मांसाला नव्हे, वरच्या बुळबुळीत थराला चिकटलेला असतो. म्हणून छांदिष्ट पुन्हा दोऱ्याकडे, तंगूस आणि रबरबँडकडे वळले. तेथेही हात आवरता घ्यावा लागला, कारण आवळून बांधलेला दोरा मऊ देठ चिरत जातो व तुकडा सुटून वाहतो. देठातून टूथपिक किंवा बांबूची काडी आरपार घालून तिची दोन्ही टोके खडकाला बांधणे हा त्यावरचा अधिक विचारी उपाय, कारण ताण मांसावर न येता काडीवर येतो. काहींनी तुकड्यावर नेटचे कापड सैल ताणले.

या सर्वांत शहाणी रीत सर्वांत साधी ठरली. मंद प्रवाहात ठेवलेल्या पसरट भांड्यात दगडी खडी भरून तीवर तुकडे नुसते ठेवले, तर एकदोन आठवड्यांत त्यांचा तळ पसरून एखाद्या खड्याला आपणहून धरतो. मग तो खडा मोठ्या खडकावर चिकटवता येतो आणि गोंदाचे काम दगडाला दगड जोडण्यापुरते उरते. जीव स्वतःच पकड घेतो, पाळणाऱ्याने तोवर त्याला केवळ जागेवर राहू द्यायचे, ही जाणीव या छंदाच्या प्रौढपणाची खूण मानावी लागेल.

या कौशल्याचे मोल छंदापुरते नाही. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व कठीण प्रवाळ आहेत, परंतु चर्मप्रवाळ त्यात नाहीत. त्यामुळे त्यांची समुद्रातील तोड कमी होण्यास घराघरांतील वाढीचा आधार मोठा ठरतो. खडकावर राहिलेल्या कापीव देठाला काही आठवड्यांत नवी छत्री, म्हणजे वरचा पसरट भाग, फुटते आणि कापलेल्या छत्रीच्या प्रत्येक फाकेपासून नवी वसाहत तयार होऊ शकते. अशा फाका खड्यांसकट एका छांदिष्टाकडून दुसऱ्याकडे जात राहिल्यानेच आज अनेक टाक्यांतील सार्कोफायटनला प्रवाळभित्तीवरून उपटून आणावे लागत नाही.