काहील, भोपळा आणि लाइफ जॅकेट

परवा आमच्या ग्रुपमध्ये कनू ट्रिपचा प्लॅन शिजला. लगेच सामानाची एक्सेल शीट आली. स्पीकर, कॅमेरा, चिवडा, सगळं होतं. लाइफ जॅकेट चौदाव्या ओळीवर! मी पडलो शिराळ्याचा, तेव्हा म्हटलं, आधी थोडा इतिहास ऐका.

आमच्या तालुक्याची दक्षिण हद्द म्हणजे वारणा. पलीकडे कोल्हापूर जिल्हा. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात पैलतीर म्हणजे परदेशच. जायची वेळ आलीच तर माणसं सुके भोपळे बांधून सांगड करत. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीलाही भोपळा किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधत. लाइफ जॅकेट म्हणजे तरी दुसरं काय?

उसाच्या पट्ट्यात आणखी एक सोय होती, गुऱ्हाळातली काहील. गूळ शिजवायची ही भलीमोठी कढई पुरात होडी व्हायची. पण ती पडली गोल, त्यामुळे जागच्या जागी गरगरते. एका बाजूला माणसं सरकली की पाणी आत, आणि लोखंड ते, सरळ तळाला. म्हणून काहिलीत बसलं की हलायचं नाही, हा पहिला नियम.

आता जरा मोठं उदाहरण. 1803 साली आर्थर वेलस्ली मराठ्यांशी लढायला निघाला. ऐन पावसाळ्यात दख्खनच्या नद्या फौज अडवतात हे त्याला ठाऊक होतं. म्हणून पठ्ठ्याने आधीच टोपलीसारख्या, कातडं चढवलेल्या होड्या करवून घेतल्या. ऑगस्टमध्ये फुगलेली गोदावरी त्याने त्यांतूनच ओलांडली. आपण ती लढाई का हरलो याची कारणं पुष्कळ आहेत, पण तयारी हे त्यातलं एक.

आणि एक आठवण नकोशी, पण सांगायलाच हवी. 8 ऑगस्ट 2019. कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. 17 जण गेले, त्यात बायका आणि लहान मुलंही. नदीकाठचीच माणसं होती हो ती. नदी ओळखीची असली तरी बुडायचं ते बुडतंच.

असो. तर मंडळी, सुधारित शीट अशी:

1. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट. अंगात, पट्टे आवळून. सीटखाली नाही.
2. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही.
3. फेकायला पंधरा-वीस मीटर तरंगता दोर.
4. पाणी उपसायला डबा.
5. मोबाइल, औषधं आणि कोरडे कपडे वॉटरप्रूफ पिशवीत.
6. प्यायचं पाणी, ओआरएस.
7. सगळ्यांच्या नावांची यादी आणि परतायची वेळ काठावरच्या एका माणसाकडे.

होडीत किती जण बसणार, हे आधी ठरवायचं. एक माणूस जास्त झाला तर तो काठावर थांबेल. चिवडा त्याच्याकडे.

स्पीकर घरी ठेवा.