सिदी सय्यदची जाळी

मराठी माणसाच्या कानी ‘सिद्दी’ हा शब्द पडला की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम जंजिरा उभा राहतो, नाही तर १६६० सालचा पन्हाळ्याचा वेढा आणि सिद्दी जौहर. शालेय पुस्तकांनी करून दिलेली ही ओळख बहुधा जन्मभर तेवढीच राहते. सिद्दी हिलाल हा शिवछत्रपतींच्या पदरी होता, खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवून तेथे नहरीचे पाणी खेळविणारा मलिक अंबर हाही मूळचा हबशीच होता, हे वाचलेले असूनही आपणांस वेळेवर आठवत नाही. सरकारी बदलीने अहमदाबादेस आल्यावर आम्हांस जो सिदी भेटला, त्याचे नाव मात्र तलवारीने नव्हे, तर दगडातील जाळीने राखले आहे.

लाल दरवाजाच्या वर्दळीत, भद्रच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर ही मशीद आहे. भव्यतेच्या अपेक्षेने जाणाऱ्याची प्रथमदर्शनी निराशाच व्हावी, इतकी ती लहान. हिजरी ९८०, म्हणजे इ. स. १५७२-७३ हा तिचा काळ. आफ्रिकेतून, अरबांच्या व्यापारी मार्गाने, गुलाम म्हणून किंवा शिपाईगिरीसाठी आलेले हबशी गुजरातच्या सुलतानांच्या दरबारी मोठ्या योग्यतेस चढले होते. त्यांपैकी झुझारखान या सरदाराच्या पदरचा सिदी सय्यद हा या मशिदीचा कर्ता. ज्या वर्षी तिचे काम चालले होते, त्याच वर्षी गुजरातची सल्तनत मावळत होती. सुलतान तिसरा मुजफ्फरशाह नावापुरता गादीवर, सरदारांत बेबनाव, आणि नोव्हेंबर १५७२ मध्ये अकबर स्वतः अहमदाबादेत दाखल झालेला. राज्य बुडत असताना कोणी एवढ्या निगुतीने दगड कोरवून घ्यावा, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

या वास्तूचे मर्म कळण्यासाठी आधी त्याच शहरातील जामा मशीद पाहावी, असे आम्ही सुचवू. अहमदशहाने १४२४ मध्ये पुरी केलेली ती मशीद म्हणजे खांबांचे एक अरण्यच आहे. खांबावर तुळई, तुळईवर एकापुढे एक सरकत गेलेले दगडी थर, आणि त्यांतून साधलेले घुमट: ही सारी रीत येथल्या देवळांच्या सभामंडपांची. कारागीर इथलेच असल्यामुळे त्यांनी आपली परिचित भाषा नव्या कामास लावली. सिदी सय्यदच्या मशिदीत दीडशे वर्षांनी चित्र पालटलेले दिसते. येथे छताचा भार कमानींनी पेलला आहे. रुंदीत पाच आणि खोलीत तीन असे पंधरा चौक कमानींनी पाडले आहेत. आणि चौकोनावर छत बसविण्याच्या युक्त्याही एकसारख्या नाहीत, कोठे कोपऱ्यांत तिरप्या तुळया, तर कोठे लहान कमानी. हा भाग सहसा कोणी पाहत नाही, कारण दृष्टी तोवर मागल्या भिंतीकडे खेचली गेलेली असते.

पश्चिमेच्या त्या भिंतीत आणि दोन्ही बाजूंस कमानींच्या वरच्या अर्धवर्तुळांत जाळ्या बसविलेल्या आहेत. बहुतेक जाळ्यांत चौकोनी फरशा आणि भूमितीच्या आकृत्या आहेत, व त्याही सुरेख आहेत. पण मधल्या कमानीच्या लगतच्या दोन जाळ्यांत कारागिराने झाडे लावली आहेत! एकीत मध्यभागी माडाच्या जातीचे सरळसोट झाड असून त्याच्याभोवती दुसऱ्या वृक्षाच्या फांद्या वळसे घेत, एकमेकींत गुंतत, सारे अर्धवर्तुळ भरून टाकतात. फांदी कोठून निघाली आणि कोठे संपली, याचा माग बोटाने काढू गेल्यास बोट हरवते. आणि तरी झाडाचे झाडपण सुटलेले नाही, किंवा पोकळी आणि दगड यांचा तोलही बिघडलेला नाही. ही जाळी अखंड शिळेची नव्हे. दगडाचे अनेक तुकडे जोडून ती सिद्ध केली आहे. सांधे मात्र शोधावे लागतात. मशिदीत सजीव प्राण्यांची चित्रे वर्ज्य, म्हणून वेलीपाने आणि रेषा एवढेच भांडवल. त्या मर्यादेतून हे निघाले आहे. तिसऱ्या प्रहरानंतर सूर्य पश्चिमेस कलला की तिची छाया आतल्या फरशीवर उतरते. नमाजाच्या वेळा सांभाळून त्या सुमारास जावे.

पुढचा इतिहास फारसा सुखाचा नाही. १७५८ पासून १८१७ पर्यंत या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा वाटणीतला अंमल होता. भद्रमधील भद्रकालीचे देऊळ ही त्या काळाची खूण म्हणून दाखवितात. त्या साठ वर्षांत ही मशीद वापराबाहेर पडलेली होती. आपल्या अमलाचा अभिमान बाळगताना ही नोंदही आपणच करावयास हवी. इंग्रजांनी तर येथे चक्क मामलेदाराची कचेरी थाटली आणि भिंतींना चुना फासला! ज्यांचे उभे आयुष्य फायलींत गेले, त्या आम्हांस ती कचेरी डोळ्यांपुढे आणण्यास फारसे कष्ट पडत नाहीत: झाडाच्या त्या छायेत दप्तरांचे गठ्ठे, आणि मान वर न करणारा कारकून. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना त्याच्या हुकमाने ही कचेरी तेथून हलली. कर्झनची इतर कृत्ये काहीही असोत, या एका कामाबद्दल त्याचे ऋण मानावे लागते.

आज ही जाळी अहमदाबादची निशाणीच झाली आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील व्यवस्थापन संस्थेने आपल्या बोधचिन्हासाठी तिचाच आधार घेतला; लाकडात आणि धातूत तिच्या प्रतिकृती दुकानोदुकानी विकल्या जातात. ज्या पाथरवटांनी ती घडविली, त्यांपैकी एकाचेही नाव मात्र प्रसिद्ध नाही. मिहराबावरच्या मधल्या अर्धवर्तुळात जेथे तिसरी, कदाचित सर्वांत देखणी, जाळी असावयाची, तेथे साधे दगड चिणलेले आहेत. मोगलांच्या स्वारीमुळे काम अपुरे राहिले, असे काहीजण म्हणतात. सालांचा मेळ पाहता आम्हांसही ते संभवनीय वाटते.