पिंजऱ्याचे दार

शिमग्याच्या सुमारास आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. "सर, बाजारात एकजण पोपटाची पिल्लं विकतोय. आई नको म्हणते, बाबा म्हणाले सरांना विचार. घेऊ का?" मी 'उद्या सांगतो' म्हणालो, पण त्या रात्री झोप लागली नाही. पिंजरा एकेकाळी आमच्याही घरी होता.

ही हौस आजकालची नव्हे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत पोपट-मैनेला बोलायला शिकवणे ही एक कला आहे. इराणच्या दरबारातील ग्रीक वैद्य क्टेसियस याने इ. स. पूर्व ४०० च्या आसपास भारतातल्या बोलक्या पक्ष्याचे वर्णन करून ठेवले. संस्कृतातली 'शुकसप्तति' मराठीतही आली. तिच्यातला पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगून मालकिणीला घरात थोपवून धरतो.

पण याच परंपरेने पोपटाच्या बंधनाचाही विचार केला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवरचा पोपट आहे. त्याच्याच भाराने नळी फिरते, तो घाबरून ती घट्ट धरतो आणि आपण बांधले गेलो असे समजतो. बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या वचनातला पोपट पढतो खरा, पण मांजर येते आहे हे त्याला सांगता येत नाही. आम्हा सीमाभागातल्या माणसांना हे दोन्ही पोपट घरचेच. आमच्या घरात 'राघू', शेजारच्या घरात 'गिळी'.

आमच्या निपाणीच्या घरातला राघू आजीचा. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. पोपट पाळण्यात कुणालाच काही वावगे वाटत नसे. तो आजीकडून 'विठ्ठल विठ्ठल' शिकला आणि शेजारच्या अक्कांकडून 'बा, बा'. डाळ आणि हिरवी मिरची हा त्याचा खुराक. मिरचीने जीभ सुटते, असा आजीचा ठाम समज. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

आजी गेली, पण तिचा आवाज राघूकडे राहिला. पहाटे तो आईला आजीच्याच सुरात हाक मारी. आई 'आले हं' म्हणून उठे आणि मग चुलीपाशी नुसतीच बसून राही. शेवटी एके दिवशी वडिलांनी पिंजऱ्याचे दार उघडले. राघू दारापर्यंत आला, बाहेर पाहिले आणि आत जाऊन दांडीवर बसला. त्याला धड उडताही येत नव्हते. पुढे मी बेळगावला कॉलेजात गेलो, घरातले ज्याच्या त्याच्या व्यापात गुंतले, आणि राघू गेल्याचे मला पत्रातून कळले. ज्ञानेश्वरी मी एम. ए.ला अभ्यासली, तो नळीचा दृष्टांत मात्र आधीच पाहिलेला होता. फरक इतकाच, की आमच्या राघूला खरोखरच कोंडले होते, आणि ते आम्ही.

दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावले. प्रथम कायदा सांगितला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९१ पासून बंदी आहे. ढोलीतून काढलेले पिल्लू विकत घेणे आणि पाळणे, दोन्ही गुन्हे. परदेशी पोपटांपैकीही अनेकांची सरकारकडे नोंदणी करावी लागते. तिचे नियम २०२४ मध्ये आले.

मग म्हणालो, "समज, उद्या कायद्यात बसणारा पक्षी मिळाला, तरी आधी हिशेब कर. आफ्रिकेतला करडा पोपट चाळीस-पन्नास वर्षे जगतो. हा थव्यात राहणारा जीव. एकटा ठेवलास तर तुम्हीच त्याचा थवा. तू शिकायला पुण्याला गेलास की त्याच्याशी रोज कोण बोलणार? घाण कोण काढणार? आजारी पडला तर पक्ष्यांचा डॉक्टर कुठे शोधणार? घरातली सगळी माणसे या प्रश्नांची उत्तरे देतील, तेव्हा तू तयार झालास म्हणायचे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मग त्या पिल्लांचं काय?"

हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारला नव्हता. मी त्याच्यासमोरच वनखात्याला फोन लावला.

हल्ली शाळा सुटल्यावर तो मैदानाकडेच्या पिंपळाखाली उभा राहून संध्याकाळी उतरणारे पोपट मोजतो. आकडा रोज वहीत लिहितो आणि जाता जाता मला दाखवतो.