मन, समाज आणि मंडळी

मनुष्य मनुष्याशी जसा वागतो तसा का वागतो, हा सामाजिक मानसशास्त्राचा मूळ प्रश्न होय. या शास्त्राच्या नावाने 1908 साली इंग्रजीत दोन पाठ्यपुस्तके निघाली. मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकडूगल यांनी सामाजिक वर्तनाचे मूळ व्यक्तीच्या सहजप्रवृत्तींत शोधले. समाजशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस यांनी फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणविषयक सिद्धांताचा आधार घेऊन समूहातील परस्परप्रभावावर भर दिला. एकाच शास्त्राकडे दोघे दोन वाटांनी आले.

या दोन वाटा एकत्र आणून आपल्याच देशातील एका प्रश्नाची उकल करण्याचा प्रयत्न लवकरच झाला. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी तेथे भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय 25 वर्षांचे होते. जातीचे मर्म जातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. एका वर्गाने प्रथम आपली दारे लावून घेतली. मग इतरांनी ती का लावली? याचे पहिले उत्तर मानसशास्त्रीय आहे. प्रतिष्ठितांचे अनुकरण होते, आणि जो समूह जितका जवळचा तितके ते अधिक तंतोतंत होते. येथे त्यांनी तार्द यांचाच दाखला घेतला. दुसरे उत्तर समाजरचनेचे आहे. एकाने दार लावले की बाहेर राहिलेला, त्याची इच्छा असो वा नसो, वेगळा पडतो. ही दोन्ही उत्तरे परस्परपूरक असून दोहोंवाचून जातिनिर्मितीचा पूर्ण उलगडा होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष आम्हां ख्रिस्ती सेवकांस अंतर्मुख करणारा आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील ऐक्याची शिकवण आम्ही वारंवार देतो. तथापि गोव्यात कित्येक चर्चमधील कोन्फ्रारियांचे सभासदत्व जातीवरून ठरत असे. बाप्तिस्म्याने श्रद्धा पालटली. सोयरीक आणि मानपान मात्र पूर्वीच्याच चाकोरीतून चालत राहिले. श्रेष्ठत्वाची ओढ अंतःकरणात होती, आणि बंद दार संस्थेत होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली पूर्वग्रहावरील आपल्या ग्रंथात हाच धागा वेगळ्या संदर्भात पुढे नेला. भिन्न समूह केवळ जवळ आल्याने दुरावा मिटत नाही. त्यांना समान दर्जा हवा, समान ध्येय हवे, त्या ध्येयासाठी एकत्र श्रम हवेत आणि अधिकाऱ्यांचा उघड पाठिंबा हवा. एका छताखाली बसणारी मंडळी या कसोटीस आपोआप उतरतेच असे नाही.

म्हणून प्रीतीवरील उपदेश आवश्यक असला, तरी तो एकटा पुरणार नाही. पंचकमिटीत कोण बसतो, शास्त्रवाचन कोणाकडे जाते, दफनभूमीत कोणास कोठे जागा मिळते आणि आंतरजातीय विवाहास पाळक उघडपणे उभा राहतो की नाही, हेही मंडळीस काही शिकवीतच असते. व्यासपीठावरील शिकवण आणि ही मूक शिकवण परस्परविरोधी असतील, तर लेकरे दुसरीच आधी शिकतील. तेव्हा अंतःकरणाच्या पालटाची प्रार्थना करताना दारे उघडण्याचे कामही आम्ही हाती घेतले पाहिजे.