शेण चुलींत कीं शेतांत?

शेण चुलींत घालावें कीं शेतांत, हें कोडें हिंदुस्थानच्या शेतकऱ्यापुढें फार जुन्या काळापासून उभें आहे. गोवऱ्या थापल्या तर अन्न शिजतें, पण जमीन उपाशी राहते. शेण उकिरड्यांत मुरविलें तर पीक पोसतें, पण चूल विझते. डॉ. व्होएल्कर यांनीं हिंदी शेतीसंबंधींच्या आपल्या १८९३ च्या अहवालांत या कोड्याचें मूळ दाखविलें. शेतकरी शेण जाळतो तें अज्ञानामुळें नव्हे, सरपणाच्या दुर्भिक्षामुळें, असें त्यांचें मत होतें. आणि उपाय म्हणून जळणाचीं राखीव वनें वाढवावींत, असें त्यांनीं सुचविलें.

दुसरा उपाय रसायनशास्त्रांतून आला. दलदलीच्या चिखलांतून निघणारा वायु पेट घेतो, हें इटलींत व्होल्टा यांनीं १७७६ मध्यें दाखविलें होतें. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालीं मैल्याच्या टाक्यांतील असाच वायु कोंडून वापरण्याची सोय झाली. पुढें १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेंत एस. व्ही. देसाई यांनीं शेणावर प्रयोग केले. त्यानंतर जशभाई पटेल यांनीं खेड्यांत चालेल असें, तरंगत्या लोखंडी टाकीचें यंत्र सिद्ध केलें, आणि १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगानें अशा यंत्रांचा देशभर प्रसार केला.

यांतील क्रिया सोपी आहे. शेणांत तितकेंच पाणी कालवून तें बंद विहिरींत सोडलें म्हणजे हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु तें कुजवितात. निघणाऱ्या वायूंत निम्म्याहून अधिक मिथेन असतो; तो निळ्या ज्योतीनें, धुरावांचून जळतो. गोवरी जाळतांना जें नत्र उडून जातें, तें येथें उरलेल्या मळींत टिकतें. एकाच शेणावर चूलही पेटते आणि शेतही पोसतें.

तथापि कोडें सर्वांचें सुटलें नाहीं. दोन घनमीटरच्या लहान यंत्रालाही रोज सुमारें ५० किलो शेण लागतें; म्हणजे दावणीला चार-पांच जनावरें हवींत. जिच्या दारीं गोठा नाहीं, ती बाई माळावरचें शेण वेंचून गोवऱ्या लावते. शेणाला मोल आलें कीं तेंही तिला फुकट मिळेनासें होण्याचा संभव असतो. १९८४ मध्यें पुढें आलेल्या विटांच्या ‘दीनबंधु’ यंत्रानें खर्च उतरविला, पण जनावरांची अट कायम राहिली.

गवत उगवतें, जनावर चरतें, शेण पडतें; हें जळण दरवर्षीं नवें होतें खरें, परंतु तें कोणाच्या चुलीपर्यंत पोंचावें, हें निसर्ग ठरवीत नाहीं. तें गांवानें ठरवावयाचें असतें. निदान गोठा नसलेल्या घरापुरती तरी व्होएल्कर यांची सरपणाच्या वनांची सूचना अजून शिळी झालेली नाहीं.