जाडंभरडं कुणाच्या अंगावर?

गरीब होते म्हणून जाडंभरडं नेसले, असं पुस्तकात लिहितात. हे अर्धंच खरं. जाडंभरडं नेसायला लावलं जात होतं. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांचा इतिहास वाचताना मला हे लख्ख दिसलं.

आपल्याकडे जवसाचं तेल काढतात. युरोप-अमेरिकेत जवसाच्या खोडाचा धागा काढत. खोडं पाण्यात कुजवायची, झोडायची, लोखंडी दातांच्या फणीतून विंचरायची. लांब, मऊ धागा तलम लिननसाठी. फणीत अडकलेला तुटका, कुसळांचा गुंता उरला, की त्याचं भरड कापड. ते गुलामाला.

फ्रेडरिक डग्लसनं १८४५ साली लिहिलंय. लहान पोरांना वर्षाला असले दोन सदरे. चड्डी नाही, बूट नाही. सदरे फाटले की पुढच्या वाटपापर्यंत नागडं. थंडीत हे पोर धान्याचं पोतं चोरायचं अन् त्यात डोकं खुपसून ओल्या जमिनीवर झोपायचं.

बुकर टी. वॉशिंग्टननं १९०१ च्या आत्मचरित्रात सांगितलंय, की नवा सदरा अंगाला काट्यासारखा टोचायचा. म्हणून थोरला भाऊ जॉन आधी काही दिवस तो स्वतः घालायचा. टोचणं आपल्या अंगावर जिरवून मग धाकट्याला द्यायचा.

आता कायदा बघा. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी बंड केलं. १७४० च्या कायद्यानं गुलामानं कुठलं कापड घालायचं त्याची यादीच केली. त्यात ओस्नाबर्ग नावाचं जाड कापड होतं. त्याहून भारी अंगावर दिसलं, तर हिसकावून घ्यायची मुभा.

आपल्याला हे नवं नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो, चांडाळानं प्रेतावरची वस्त्रं घालावीत, दागिने लोखंडाचे. तिकडच्या मालकांनी मनू वाचून कायदा केला नाही. पण माणूस लांबूनच खालचा म्हणून ओळखू यावा, ही गरज दोघांची एकच.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं, लुगडं सवर्ण बायांसारखं नेसा, गळ्याहातातलं ते ओझं टाका, फाटकं असलं तरी स्वच्छ नेसा. बाया तसं नेसल्याही.

आजही कुणी बाबासाहेबांच्या कोट-टायवर नाक मुरडतं. त्याला वाद घालत बसू नका. मनूचा श्लोक अन् १७४० चा कायदा शेजारी-शेजारी ठेवून वाचायला द्या.